चाराच्या बारा झाल्या आणि खुराडं तेवढंच राहिलं

आमच्याकडे सुरुवातीला चारच कोंबड्या होत्या, राणी, ठमी, काळी आणि चिंगी, आणि त्यांच्यासाठी आणलेलं एक रेडिमेड खुराडं. उतरतं छप्पर, बाजूला अंड्यांची पेटी, वर चढायला छोटीशी शिडी आणि खाली जाळीचा मोकळा भाग, दिसायला अगदी बाहुलीचं घर. खोक्यावर ठळक अक्षरात लिहिलेलं "८ ते १० कोंबड्यांसाठी". मी म्हटलं चला, चौघींना तर हा महालच झाला, पुढेमागे दोनचार वाढल्या तरी हेच पुरेल. त्या खोक्यावरच्या ओळीवर मी डोळे झाकून दीड वर्ष काढलं.

वाढल्या कशा ते सांगते, कारण हे कुणाच्याही घरी असंच होतं. एका मैत्रिणीला घर बदलायचं होतं, तिच्या तीन तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, कुठे द्यायच्या म्हणून ती हवालदिल झालेली, त्या आमच्याकडे आल्या. म्हणजे सात. मग काळी खुडूक बसली, म्हणजे अंडी उबवायला बसली. खुडूक कोंबडी म्हणजे हट्टाचा कळस, पेटीतून उचलून बाहेर ठेवली की पाच मिनिटांत परत आत, अंगावर हात नेला की फुगून चोच मारणार. आमच्याकडे कोंबडा नव्हता, त्यामुळे ती रिकाम्या पेटीवरच बसलेली, मला दया आली आणि मी ओळखीतून नऊ फळती अंडी आणून तिच्याखाली सरकवली. एकविसाव्या दिवशी सहा पिल्लं बाहेर. सात आणि सहा तेरा, हा हिशोब तेव्हाच करायला हवा होता, पण पिल्लं मुठीएवढी असतात तेव्हा असले हिशोब कोण करतं. पुढे त्यातले दोन कोंबडे निघाले, एक देऊन टाकला, एक ठेवला. राहिल्या बारा.

पिल्लं काळीबरोबर वेगळ्या छोट्या पिंजऱ्यात होती तोवर ठीक चाललं. खरं सांगायचं तर सात झाल्यापासूनच काहीतरी बिनसलेलं होतं, पण मला ते खुराड्यामुळे आहे असं वाटलंच नाही. सकाळी दार उघडलं की डोळ्यांना झोंबणारा वास यायचा. छताच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब. पेटीतली अंडी शिटेने माखलेली. ठमीच्या शेपटीजवळची पिसं गेलेली, खाली गुलाबी कातडी दिसायची. मी आधी खाद्य बदललं. मग पिसं गळायचा सीझन असेल म्हणून गप्प बसले. मग उवा झाल्या असतील म्हणून एकेकीला धरून पंखाखाली पाहिलं, काही सापडलं नाही. ज्याला विचारावं तो वेगळाच उपाय सांगायचा आणि मी तो करायचे.

शेवटी एका संध्याकाळी मी नुसती स्टूल टाकून खुराड्यासमोर बसले. हे आधी कधी केलंच नव्हतं, कारण अंधार पडला की त्या आपोआप आत जातात आणि आपण फक्त कडी लावायला जातो. त्या दिवशी पाहिलं तर राणी सगळ्यात आधी आत गेली, वरच्या दांडीच्या मधोमध बसली. मग चिंगी तिच्या शेजारी. मग नव्या तिघींतली एक शिडी चढून दारात आली, आत मान घातली आणि राणीने बसल्या जागेवरून तिच्या डोक्यावर खाडकन चोच मारली, ती मागे सरकली तर मागून येणारी तिच्यावर आदळली, दोघी शिडीवरून खाली. परत चढल्या. परत तेच. बाहेर अंधार वाढत चाललेला आणि कोंबडीला अंधारात जवळजवळ काही दिसत नाही, त्यामुळे त्यांची घालमेल अजूनच वाढत गेली. ठमी तर आत जायचा प्रयत्नही करत नव्हती, ती शिडीखाली अंग चोरून उभी, सगळ्या स्थिरस्थावर झाल्या की मगच ती आत शिरली आणि गपचूप अंड्यांच्या पेटीत जाऊन बसली. मी टॉर्च मारून पाहिलं तर पेटीत ठमी आणि अजून एक, एकमेकींवर रचल्यासारख्या. खालच्या दांडीवर दोघी होत्या, आणि त्यांच्या पाठीवर वरच्यांची शीट.

हे सगळं रोज रात्री चाललेलं, आणि मी सकाळी उठून खाद्य बदलत होते!

दुसऱ्या दिवशी टेप घेतली. खुराड्याची बाहेरून लांबी साडेपाच फूट, पण त्यात खालचा जाळीचा भाग आणि पेटी सगळं आलं. जिथे कोंबड्या रात्री खरोखर असतात ती आतली खोली भरली ३ फूट बाय अडीच फूट. म्हणजे साडेसात चौरस फूट. परसात कोंबड्या पाळणारे लोक साधारण असा हिशोब धरतात की मध्यम अंगाच्या एका कोंबडीला खुराड्याच्या आत ४ चौरस फूट आणि बाहेरच्या जाळीत ८ ते १० चौरस फूट. अगदी बुटक्या जातीच्या असतील तर आत २ फुटांत भागतं. या हिशोबाने आमचा महाल दोन कोंबड्यांनासुद्धा जरा अपुराच होता. आमच्या दिवसभर मोकळ्या असायच्या म्हणून चार निभावल्या, इतकंच.

आता कुणी म्हणेल ४ फूट म्हणजे लाडच झाले, मोठ्या पोल्ट्रीत कुठे एवढी जागा असते. म्हणून तेही पाहिलं. युरोपियन युनियनचा १९९९ चा नियम आहे, पिंजऱ्याशिवाय ठेवलेल्या अंड्यांच्या कोंबड्या एका चौरस मीटरला जास्तीत जास्त नऊ. हा नियम शेकड्याने कोंबड्या ठेवणाऱ्या धंद्यासाठी आहे, हौसेसाठी पाळणाऱ्यांसाठी नाही. आमचं साडेसात चौरस फूट म्हणजे ०.७ चौरस मीटर, त्यात त्या नियमाने सहा बसतात. आणि खोक्यावर लिहिलंय आठ ते दहा! म्हणजे ते बाहुलीचं घर धंद्याच्या पोल्ट्रीपेक्षा दाटीचं होतं. बनवणारे बहुतेक सगळंच मोजतात, पेटी मोजतात, खालची जाळी मोजतात, आणि कोंबडी म्हणून कबुतराएवढं काहीतरी धरतात. तेव्हापासून मी कुठल्याही खुराड्यावरचा "इतक्या कोंबड्यांसाठी" हा आकडा वाचतच नाही. आतल्या खोलीची लांबी रुंदी दिलेली नसेल तर पुढे.

पण जमिनीपेक्षा मला जास्त शिकवलं ते दांडीने. एका कोंबडीला बसायला दांडीवर ८ ते १० इंच लागतात. आमच्याकडे अडीच अडीच फुटांच्या दोन दांड्या होत्या, म्हणजे ६० इंच, कागदावर सहासात जणी आरामात. मग भांडणं का? कारण एक दांडी वर होती आणि एक खाली. सगळ्यात उंच जागा सगळ्यांना हवी असते, खाली कुणालाच बसायचं नसतं, आणि दोन्हींमध्ये अंतर इतकं कमी की खालची म्हणजे वरचीची मोरीच. त्यामुळे कामाची दांडी एकच, अडीच फुटांची, तीन कोंबड्यांची. बाकीच्या चौघींची रोज संध्याकाळी मारामारी.

कोंबड्यांमध्ये कोण कुणाला टोचणार याची एक ठरलेली उतरंड असते. थोर्लीफ शेल्डरुप-एब्बे नावाच्या नॉर्वेच्या माणसाने १९२१ साली यावर प्रबंध लिहिला, लहानपणापासून तो कोंबड्या बघत बसायचा म्हणे आणि वहीत नोंदी करायचा. मला तो माणूस एकदम जवळचा वाटला. तर ही उतरंड नसतेच असं कधी होत नाही, पण जागा असेल तर वरचीने डोळे वटारले की खालची सरकून जाते आणि विषय संपतो. जागाच नसेल तर सरकणार कुठे? ठमीची पिसं तिथे गेली होती.

मग शोध सुरू झाला. नवऱ्याचं म्हणणं सोपं होतं, "अगं असलंच अजून एक आण, शेजारी ठेव, झालं." मी पण आधी तेच धरून चालले. पण मग रोज दोन दारं उघडा, दोन दारं लावा, दोन ठिकाणी साफसफाई, पाणी दोन ठिकाणी, आणि कोण कुठल्या घरात जाणार ते ठरवायला परत राणीच. शिवाय असली अजून दोन आणली तरी बारा जणींना पुरलं नसतं.

मोठी रेडिमेड खुराडी बघायला लागले. त्यातली मजा म्हणजे फोटो. एका फोटोत खुराड्यासमोर सहा कोंबड्या चरतायत आणि दार त्यांच्या डोक्याच्या दुप्पट उंच, अंड्यांच्या पेटीत दोघी ऐसपैस मावतील असं. मापं वाचली तर दार दहा इंचाचं. म्हणजे कोंबड्या नंतर कम्प्युटरवर चिकटवलेल्या, त्यासुद्धा लहान करून. मी स्क्रीनवर पट्टी धरून हिशोब केला, त्या मापाने फोटोतली कोंबडी पाच इंच उंच होती. नवरा म्हणाला, चिमणी पाळ त्यात.

जी खरोखर मोठी होती त्यांचा दुसरा प्रॉब्लेम, लाकूड बोटाएवढं जाड पण नाही, कडी अशी की मांजर पंजाने उघडेल, आणि आत हात घालायला एकच छोटं दार. हा मुद्दा मला आधी सुचलाच नव्हता. आमच्या जुन्या खुराड्यात शेवटच्या कोपऱ्यात अंडं असलं की मी गुडघ्यावर बसून, खांद्यापर्यंत हात घालून, गालाला जाळी लागेपर्यंत ताणायचे. चार कोंबड्यांची शीट काढणं वेगळं आणि बारांची वेगळी. जिथे माणसाला नीट वाकता येत नाही तिथे साफसफाई उद्यावर जाते, आणि उद्या परवावर.

सेकंडहँडसुद्धा पाहिलं. एकांनी मोठं खुराडं विकायला काढलेलं, मापंही बऱ्यापैकी मोठी, ६ बाय ५ फूट आत, दांड्या एका उंचीवर, मी मनातल्या मनात घेऊनच टाकलेलं. बोलता बोलता त्या काकू म्हणाल्या, "कोंबड्या हल्ली आत जायलाच मागत नव्हत्या गं, रात्री झाडावर जाऊन बसायच्या." हे ऐकून माझ्या डोक्यात टिकटिक सुरू झाली. दांडी जिथे भिंतीत बसते तो सांधा जवळून पाहिला, तिथे राखेसारखी करडी पूड. खिशातला कागदी रुमाल दांडीच्या खालच्या बाजूने दाबून फिरवला आणि पालथा करून पाहिला तर त्यावर लालसर रेघोट्या. लाल गोचिडीसारखे ते बारीक किडे, दिवसभर लाकडाच्या फटीत लपतात आणि रात्री बाहेर येऊन झोपलेल्या कोंबडीचं रक्त पितात, म्हणून दिवसा कोंबडीच्या अंगावर बघितलं तर काहीच सापडत नाही. रिकाम्या खुराड्यात महिनोन्‌महिने उपाशी टिकतात ते. काकूंना बिचाऱ्यांना माहीतच नव्हतं. मी त्यांना तो रुमाल दाखवला आणि रिकाम्या हाताने परत आले, घरी येऊन कपडे गरम पाण्यात टाकले आणि तरी दोन दिवस अंग खाजतंय असं वाटत होतं.

त्या रात्री जेवताना मी वैतागून बोलत होते की एवढं मोठं कुठे मिळणार, आणि मिळालं तरी फाटकातून आत कसं येणार. आई म्हणाली, "अगं मागची शेड एवढी मोठी, त्यात तू तीन फुटक्या खुर्च्या आणि सायकलचा सांगाडा ठेवलायस. त्यांना कशाला हवी खोली?"

सगळे गप्प. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

शेड म्हणजे लाकडी, ८ फूट बाय ६ फूट, छताला पत्रा, आत मी ताठ उभी राहू शकते. ४८ चौरस फूट. भागिले चार, बारा. मी दोनदा टेप लावली कारण इतकं बरोबर येतंय यावर विश्वास बसेना. अजून वाढल्या तर काय हा प्रश्न होताच, त्यावर माझं आणि घरच्यांचं एकमताने ठरलं की वाढणार नाहीत. (ठरलं आहे. बघू.)

भंगार काढायला एक रविवार गेला. मग खरं काम सुरू झालं, आणि त्यात सगळ्यात जास्त वाद झाला तो हवेच्या झरोक्यांवरून. शेडला एक दार आणि एक छोटी खिडकी, बाकी बंद. मी म्हटलं छताच्या खाली दोन्ही लांब बाजूंनी फळ्या काढून टाकायच्या आणि तिथे जाळी ठोकायची. नवरा म्हणाला, "म्हणजे भिंतच काढतेस? गारठतील त्या." सगळ्यांना असंच वाटतं, कारण आपल्याला थंडी वाजते. कोंबडीच्या अंगाचं तापमानच मुळात ४१ अंशाच्या आसपास, वरून पिसांची रजई, कोरडी थंडी ती आरामात काढते. तिला मारक असते ती ओली कोंदट हवा. रात्रभर बारा जणी श्वास सोडणार, दिवसभरातली जवळजवळ निम्मी शीट रात्री दांडीखाली पडणार, ती ओली, त्यातून अमोनिया उठणार, तोच तो डोळ्यांना झोंबणारा वास. तो गरम हवेबरोबर वर जातो, म्हणून वाट वरून द्यायची. आणि गरमीत तर अजूनच गरज, कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकून अंग थंड करते, बंद पत्र्याच्या शेडमध्ये तिचं काय होईल ते वेगळं सांगायला नको. एका कोंबडीमागे साधारण एक चौरस फूट उघडी जागा असा ठोकताळा आहे, म्हणजे आमचे बारा चौरस फूट. दोन्ही बाजूंना ८ फूट लांब आणि ९ इंच उंच पट्टा काढला, बरोब्बर झाले. फक्त एक पाळायचं, हे झरोके त्यांच्या डोक्याच्या बऱ्यापैकी वर हवेत, दांडीवर बसल्यावर वारा थेट अंगावर येता कामा नये.

जाळीच्या बाबतीत मी आधी एकदा पोळलेले आहे. ती षटकोनी छिद्रांची पातळ जाळी, जिला सगळे कोंबड्यांची जाळी म्हणतात, ती कोंबड्यांना आत ठेवते इतकंच. बाहेरच्याला आत यायचं असेल तर कुत्रा ती दाताने फाडतो, आणि छोटे प्राणी छिद्रातूनच शिरतात. त्यामुळे यावेळी अर्ध्या इंचाच्या चौकोनी छिद्रांची वेल्ड केलेली जाळी घेतली, आणि नुसत्या पिना न मारता वॉशर लावून स्क्रूने आवळली. ती कापताना दोन्ही हातांवर इतके ओरखडे आले की मला बघून लोक विचारायचे मांजर पाळलं का. बाहेरच्या मोकळ्या जाळीच्या बुडाशी सगळीकडून एक फूट रुंद जाळी जमिनीवर आडवी पसरली आणि वर दगडमाती टाकली, कारण उकरणारा प्राणी भिंतीला लागूनच उकरायला सुरुवात करतो, त्याला फूटभर मागे जाऊन उकरावं हे सुचत नाही.

दांड्या मात्र मी स्वतः केल्या, तिथे कुणाचं ऐकलं नाही. ६ फुटांच्या दोन, दोन्ही एकाच उंचीवर, जमिनीपासून अडीच फूट. भिंतीपासून एक फूट सोडून पहिली, तिच्यापासून सव्वा फुटावर दुसरी. १४४ इंच, बारा जणी, प्रत्येकीला पूर्ण फूटभर. उंची अजून वाढवली असती तर सगळ्या खूश झाल्या असत्या, पण जड अंगाची कोंबडी सकाळी वरून धपकन उडी मारते, रोज रोज तसं केलं की तळपायाला इजा होऊन गाठ येते. दांडीचं लाकूड अडीच इंच रुंद, वरच्या कडा कानशीने घासून गोल केल्या, बोटांना टोचायला नको आणि बसल्यावर पोटाची पिसं पायावर येऊन बोटं झाकली जावीत. दोन्ही दांड्यांखाली एक फळी टाकली, रात्रीची सगळी शीट तिच्यावर पडते, सकाळी खरवडून बादलीत. पाच मिनिटांचं काम आहे, चहा उकळेपर्यंत होतं.

अंड्यांच्या पेट्या तीन. चारपाच कोंबड्यांमागे एक पेटी पुरते, फूटभर लांब, रुंद, उंच. त्या दांडीपेक्षा खाली ठेवायच्या, नाहीतर उंच जागा म्हणून सगळ्या पेटीतच झोपतात आणि सकाळी अंडी परत माखलेली. तीन केल्या खऱ्या पण आज दोन महिने झाले, बाराही जणी, म्हणजे अंडी देणाऱ्या अकरा, मधल्या पेटीसमोर लाईन लावतात. डावी उजवी रिकामी. एकदा तर एक आत बसलेली असताना दुसरी तिच्या डोक्यावर जाऊन बसली.

तळाला जुनं लिनोलियम पसरलं, म्हणजे लाकडात ओल मुरत नाही, त्यावर लाकडाचा भुसा चारपाच इंच. रंगरंगोटी केली नाही. कोंबड्यांना रंगाचं काय पडलंय.

एक चूक झालीच. बाहेर जायचं छोटं दार मी एकच ठेवलं होतं, फूटभर रुंद, व्यवस्थित. पहिल्याच आठवड्यात राणी दारात उभी राहायला लागली. नुसती उभी. आत कुणी यायचं नाही, बाहेर कुणी जायचं नाही, टोल नाकाच जणू. एवढी ४८ फुटांची खोली केली आणि एका कोंबडीने एक फुटाच्या भोकावर ती अडवून धरली. मग समोरच्या भिंतीत दुसरं तसंच दार कापलं. राणी दोन दिवस या दारातून त्या दारात पळत राहिली आणि मग तिने नाद सोडला. त्यावरून खाद्याची आणि पाण्याची भांडीपण दोन दोन केली, एकमेकांपासून लांब, एकीकडे उभं राहिलं की दुसरं दिसू नये अशी. मध्ये एक फळी उभी टेकवून ठेवलीये, ठमी तिच्या मागे जाऊन निवांत खाते. हे मापात कुठेच येत नाही. चौरस फूट भरपूर असले तरी लपायला आडोसा नसेल तर दुबळी कोंबडी अख्ख्या मोकळ्या खोलीतसुद्धा कोपऱ्यातच अडकते.

मुक्काम हलवताना जुन्या सहा आणि काळी, तिची सहाच्या जागी राहिलेली पाच पोरं, सगळ्यांना एकाच रात्री नव्या शेडमध्ये ठेवलं. पोरं तोवर अठरा आठवड्यांची झाली होती आणि मधले काही आठवडे जाळीच्या पलीकडून मोठ्यांना दिसत होती, त्यामुळे अगदीच अनोळखी नव्हती. जागा सगळ्यांनाच नवी, त्यामुळे "हे माझं घर" म्हणायला कुणालाच तोंड नव्हतं. अंधारात एकेकीला उचलायची, झोपेत असल्यामुळे गपगार येतात, दांडीवर पाय टेकवायचे, त्या बोटं आवळतात आणि पुन्हा डोळे मिटतात. पोरांना मी मुद्दाम मध्ये मध्ये बसवलं. सकाळी थोडी चोचाचोची झाली, आमच्या नव्या कोंबडेरावांनी चिंगीसमोर एक पंख पाडून नाच केला आणि तिने त्यांना दोन फूट उडवलं. असो. तीन दिवस आतच कोंडून ठेवलं, घर हेच आहे हे डोक्यात बसायला.

चौथ्या दिवशी मोकळं सोडलं. संध्याकाळी जाऊन बघते तर जुनं खुराडं जिथे होतं त्या रिकाम्या जागी सगळ्या गोळा होऊन उभ्या. खुराडं तर मी उचलून भिंतीला लावलेलं, तिथे नुसती मातीवर चौकोनी खूण, आणि त्या चौकोनात नऊ कोंबड्या दाटीवाटीने. पोरं फक्त तीनच शेडमध्ये गेली होती. मग परत एकेकीला काखेत मारून नेलं. दुसऱ्या दिवशी सात. मग चार. मग एकटी ठमी, ती अजून पाच दिवस, तिच्या पेटीच्या जागेवर.

आणि आता गंमत ऐका. एवढी मापं घेतली, प्रत्येकीला फूटभर दांडी दिली, आणि सगळ्या आपणहून आत गेल्या त्या पहिल्या रात्री टॉर्च मारून पाहिलं तर बाराही जणी मागच्या एका दांडीवर, भिंतीच्या बाजूने खेटून, पुढची दांडी अख्खी रिकामी. आई दारातून डोकावली आणि म्हणाली, "एवढं सुतारकाम कशासाठी केलंस मग?" मला काही उत्तर सुचलं नाही. हवा गार असली की त्या अशाच बसतात, एकमेकींच्या उबेला.

मागच्या आठवड्यात उकाडा वाढला. रात्री अकराला मी परत गेले, टॉर्चवर बोट धरून, उजेड कमी करून. आत वास नाही, छत कोरडं. दोन्ही दांड्या भरलेल्या, पंख अंगापासून जरा लांब धरून सगळ्या सुट्या सुट्या बसलेल्या, दोघींच्या मध्ये माझा हात जाईल एवढी जागा. राणी मधोमध. ठमी पुढच्या दांडीच्या टोकाला, दारापाशी, शेपटीजवळ नव्या पिसांचे काळे खुंट आलेले. मी टेप आणली नव्हती, वितीने मोजलं.